प्रदर्शनातला स्टॉल आणि जोखमीचा हिशेब

आजचं उदाहरण आपण सोनगीरचं घेऊ. धुळ्याच्या उत्तरेला, मुंबई-आग्रा महामार्गावरचं हे गाव किल्ल्यासाठी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. समजा, इथला एखादा कारागीर प्रदर्शनात स्टॉल लावतोय आणि गर्दी जमावी म्हणून तिथेच कल्हई करून दाखवणार आहे.

आधी दोन शब्द वेगळे करू. धोका म्हणजे इजा करू शकेल अशी गोष्ट. पेटती शेगडी हा धोका. जोखीम म्हणजे त्यातून इजा होण्याची शक्यता किती आणि झालीच तर ती किती गंभीर, याचा हिशेब. तीच शेगडी मोकळ्या अंगणात असली तर जोखीम कमी, कापडी मांडवात असली तर भलतीच जास्त.

आता स्टॉलभर नजर फिरवू. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड. वरच्या फळीवरचा हंडा लहान मुलाच्या डोक्यात पडला तर? म्हणून जड माल खाली, हलका वर, आणि मांडणी मागे पक्की बांधलेली. वाटेत लोंबणाऱ्या वायरी, एकाच बोर्डावर टाकलेला सगळा भार, कच्चे जोड, हे दुसरं. कल्हईत नवसागर तापला की अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतात. डोळे, घसा चुरचुरतो. दम्याच्या माणसाला तर जास्तच त्रास.

प्रत्येक धोक्याला शक्यतेसाठी १ ते ५ आणि परिणामासाठी १ ते ५ गुण द्या, मग गुणाकार करा. मांडवातल्या कल्हईला शक्यता ३, परिणाम ५, म्हणजे १५ गुण. हे काम आधी हाती घ्यायचं.

उपायांनाही क्रम असतो. धोका काढूनच टाकता येईल का? कल्हई घरून करून आणता येईल. नाही तर मांडवाबाहेर, उघड्यावर, दोरी बांधून लोकांना लांब ठेवून करता येईल. हातमोजे आणि अग्निशामक नळकांडं हवंच, पण ते शेवटी. नळकांडं आहे म्हणून शेगडी मांडवात ठेवली, तर हिशेब उलटा झाला.

‘ही जबाबदारी मांडववाल्याची’ असं आपण सहज म्हणतो. १० एप्रिल २००६ रोजी मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाला शेवटच्या दिवशी आग लागली. ६५ माणसं गेली. काम कंत्राटदाराला दिलं होतं, असं आयोजकांचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते मान्य केलं नाही. ६० टक्के जबाबदारी आयोजकांवर आणि ४० टक्के राज्यावर ठेवली. निकाल आयोजकांबद्दलचा होता, पण स्टॉलवाल्यानेही त्यातून घ्यावं असं एक आहे: काम दुसऱ्याला दिलं, तरी विचारणं आपल्याकडेच राहतं.

तेव्हा स्टॉल मांडण्याआधी आयोजकांना विचाराच. बाहेर पडायच्या वाटा किती, त्या मालाने अडल्यात का? मेन स्विच कुठे? कापडावर अग्निरोधक प्रक्रिया केली आहे का? उत्तरं एका कागदावर लिहा, प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव घाला. ११२ आणि १०८ हे नंबर स्टॉलवर चिकटवा. आणि तो कागद रोज सकाळी पुन्हा वाचा, कारण पहिल्या दिवशी मोकळी असलेली वाट तिसऱ्या दिवशी खोक्यांनी भरलेली असते.