सायकल विसरत नाही, मग दम का लागतो?

जुन्नर-आंबेगावकडची बरीच पोरं दांडीखालून पाय घालून, कैची मारतच सायकल शिकली. मग दहावी होते, कॉलेज, गाडी, पुणे... आणि सायकल पडवीत गंजत राहते. माझंही तसंच. बारा वर्षांनी सुट्टीत हवा भरून घोडेगावहून डिंभ्याच्या रस्त्याला निघाले. तोल दोन मिनिटांत जमला, पण पहिल्याच चढाला खाली उतरून सायकल ढकलत न्यावी लागली!

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे थांबून बघा. 'सायकल येते का?' हा एक प्रश्न दिसतो, पण मोजायच्या गोष्टी दोन आहेत: कौशल्य आणि दमसास.

कौशल्याची आठवण वेगळ्या वाटेने साठते. हेन्री मोलेसन यांच्या मेंदूवर 1953 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना नवीन काही आठवेनासं झालं. ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात सुधारत गेला, पण आपण हे आधी केलंय हे त्यांना दर वेळी आठवतच नव्हतं. तोल सांभाळणं याच जातीचं.

दमाचं गणित मात्र रोखठोक. मी आणि सायकल मिळून 75 किलो धरा, वेग ताशी 10 किलोमीटर. सपाटीवर साधारण 20-25 वॅट पुरतात. 100 मीटरला 5 मीटर चढ आला, की त्यात आणखी 100 वॅटची भर. म्हणजे एकदम पाचपट काम! सायकलला गिअर नसेल तर वेग कमी करायलाही फार वाव नाही.

मग गेलेला दम परत येतो का? यावर डॅलसचा अभ्यास मला फार आवडतो. 1966 मध्ये विशीतल्या 5 तरुणांना 3 आठवडे अंथरुणात ठेवलं. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, तो आकडा पाव हिश्शाहून जास्त घसरला. 30 वर्षांनी तीच 5 माणसं पुन्हा तपासली, तर तीस वर्षांच्या वयाने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी निघाली! पुढे 6 महिने चालणं, धावणं, सायकल असा हळूहळू वाढवलेला व्यायाम दिला, तेव्हा सरासरी आकडा विशीतल्या मूळ पातळीला आला.

आता लगेच टाळ्या वाजवू नका. माणसं फक्त 5, सगळे पुरुष. त्यातले 2 आधीच कसलेले, 3 बैठ्या सवयीचे, त्यामुळे सरासरीत काय झाकलं गेलं हे विचाराच. त्याच माणसांना तीस वर्षांनी शोधून मोजणं ही या अभ्यासाची ताकद. पण 'पन्नाशीतला कोणीही सहा महिन्यांत विशीत जातो' असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. मुलाखतीत हा फरक सांगता आला पाहिजे.

आणखी एक. तोल लगेच आल्यामुळे वाटतं, सगळंच परत आलं. म्हणून पुष्कळ जण पहिल्याच रविवारी थेट भीमाशंकरचा घाट धरतात. चाळिशीपुढचे असाल, बीपी किंवा छातीचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि पहिले काही आठवडे सपाटीवरच काढा. मी सध्या मंचरच्या बाजूला वळते. दर आठवड्याला तोच रस्ता, तेवढाच वेळ, आणि पोहोचल्यावरची नाडी वहीत लिहिते.