संगणकांतील सर्वाधिकारी

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालापासून आकार घेऊं लागलेल्या युनिक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टिमनें संगणकांत एक सर्वाधिकारी बसविला. त्याचें नांव ‘रूट’. कोणतीहि फाइल वाचणें, बदलणें वा पुसून टाकणें त्याला मोकळें; इतरांनीं आपापल्या हद्दींत राहावें. व्यवस्था सुटसुटीत खरी. पण तींत मधला दर्जाच नव्हता.

सामान्य माणसाला आपला परवलीचा शब्द बदलावयाचा, तर तो शब्द ज्या फाइलींत नोंदलेला ती रूटच्या ताब्यांत! डेनिस रिची ह्यांनीं तोड काढली ती अशी: शब्द बदलणारा प्रोग्रॅम कोणींहि चालवावा, मात्र चालतांना त्याच्या अंगीं रूटचा अधिकार यावा. युक्ति मोठी चतुर. परंतु अशा प्रोग्रॅमांत एखादी चूक राहून गेली, कीं शत्रूला सबंध संगणकच आंदण मिळावयाचा.

प्रत्येक प्रोग्रॅमला कामापुरताच अधिकार असावा, हें तत्त्व साल्ट्झर व श्रोडर ह्यांनीं १९७५ सालीं आपल्या निबंधांत मांडिलें. तें अंमलांत कसें आणावें, ह्याचा उत्तम नमुना दूरच्या संगणकांत प्रवेश देणाऱ्या ओपन-एसएसएच ह्या प्रोग्रॅमांत २००२ सालीं दिसला. परक्याचे संदेश वाचणें हें जोखमीचें काम अधिकारशून्य भागाकडे दिलें, आणि तो भाग रिकाम्या कोठडींत कोंडला. अधिकार असलेला दुसरा भाग लहानसा. त्याला पहिल्यानें ठराविक प्रश्नच विचारावे. पहिला फितूर झाला तरी त्याच्या हातीं फारसें कांहीं लागत नाहीं.

घरगुती संगणकांत हें शहाणपण उशिरां आलें. २००१ सालच्या विंडोज एक्सपीवर बहुतेक लोक सर्वाधिकारी म्हणूनच वावरत. गाणें ऐकतांनाहि कमरेला तिजोरीची किल्ली! पुढें २००७ सालीं आलेली व्हिस्टा पदोपदीं परवानगी विचारूं लागली, तेव्हां लोक न वाचतांच ‘होय’ म्हणूं लागले. ॲपलनें २०१५ सालीं आपल्या संगणकांत रूटलाहि सिस्टिमच्या मुख्य फाइलींपासून दूर ठेविलें.

तरीहि एक उणीव उरते. मुलांबाळांचीं छायाचित्रें व घरचे हिशेब ह्या वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फाइली. त्या कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमला रूटच्या अधिकाराची गरजच पडत नाहीं. अँड्रॉइड फोनांत म्हणूनच प्रत्येक ॲप हा निराळा बिऱ्हाडकरू मानतात. एकाच्या खोलींत दुसऱ्यानें शिरावयाचें नाहीं, आणि घरचीं छायाचित्रें सरसकट चाळावयाचीं असल्यास त्यानें मालकाची परवानगी मागावयाची.