भीती एक्स-रेची, वाट सोनोग्राफीची

तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ साली सुरू झालं. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. त्यानंतर शेजारचं बोईसर ओळखू येणार नाही इतकं बदललं. एमआयडीसी आली, रासायनिक कारखाने आले, २००५-०६ मध्ये केंद्राचे तिसरे-चौथे संच सुरू झाले आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी, पोफरण ही गावं उठली. या सगळ्या काळात पोटुशी बाईला किरणं लागतील ही धास्ती मात्र जशीच्या तशी राहिली. अणुकेंद्रात धोक्याच्या जागी तीन पाकळ्यांची जी खूण रंगवलेली असते, तीच दवाखान्यातल्या एक्स-रे खोलीच्या दारावर असते. घरातलं कुणी ना कुणी केंद्रात कामाला असलेल्या या पट्ट्यात सासू सुनेला त्या दारातून मागे ओढते, यात नवल नाही. पण ही भीती एक्स-रेपाशी थांबली नाही. ती सोनोग्राफीपर्यंत पोचली, आणि सोनोग्राफीत तर किरणोत्सर्ग नसतोच.

या पाच-साडेपाच दशकांकडे मागे वळून पाहताना माझं मत पक्कं होत गेलं आहे. तपासणी केल्यामुळे बाळाला झालेली इजा शोधूनही क्वचितच सापडेल. तपासणी न झाल्यामुळे किंवा उशिरा झाल्यामुळे गमावलेल्या आया आणि बाळं मात्र पालघर जिल्ह्याने खूप पाहिली.

धास्ती निराधार नव्हती, हेही आधी सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात युरोप-अमेरिकेत गरोदर बाईच्या पोटाचे एक्स-रे सर्रास काढत. कटिभाग पुरेसा रुंद आहे का, जुळं आहे का, बाळ आडवं आहे का, हे बघायला दुसरं साधनच नव्हतं. ॲलिस स्ट्युअर्ट या इंग्लंडमधल्या डॉक्टरबाईंनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या आयांकडे चौकशी केली. निरोगी मुलांच्या आयांशी तुलना करता, या आयांच्या पोटाचे एक्स-रे गरोदरपणी सुमारे दुप्पट प्रमाणात निघालेले होते. १९५६ मध्ये त्यांनी हे प्रथम मांडलं, १९५८ मध्ये सविस्तर. वैद्यकीय जगाने ते मान्य करायला बरीच वर्षं घेतली. आज बाईला एक्स-रेआधी ‘दिवस गेलेत का’ असा प्रश्न विचारला जातो, त्यामागे या बाईंचा चिवटपणा आहे.

त्याच १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोटातलं बघता येतं, हे दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी सुरुवातीचे प्रयोग केले ते धातूतल्या भेगा शोधण्याच्या यंत्रावर, बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात. बोईसरच्या फॅब्रिकेशन शॉपमधल्या कामगाराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वेल्डिंगच्या जोडाची ‘यूटी’ म्हणजे अल्ट्रासोनिक चाचणी करतात तेव्हा लोखंडात जो आवाज सोडतात, सोनोग्राफी ही त्याचीच दवाखान्यातली बहीण. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज आत जातो, आपटून परत येतो, त्याचं चित्र बनतं. किरणोत्सर्गाचा इथे संबंध येत नाही.

एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये तो येतो, पण किती येतो हे शरीराचा कोणता भाग तपासला यावर ठरतं. गर्भापर्यंत पोचणारी मात्रा मिलिग्रेमध्ये मोजतात. निसर्गातूनच नऊ महिन्यांत बाळाला साधारण अर्धा ते एक मिलिग्रे मिळतो. आईच्या छातीच्या एक्स-रेतून फार तर ०.०१ मिलिग्रे पोचतो, डोक्याच्या सीटीतूनही जवळपास तितकाच. पोटाच्या एक्स-रेत ०.१ ते ३, आणि पोटाच्या सीटीत १.३ ते ३५. जन्मजात व्यंगाचा धोका ५० मिलिग्रेच्या खाली दिसलेला नाही. हिरोशिमा-नागासाकीच्या मुलांच्या पाहणीतून कळलं की आठव्या ते पंधराव्या आठवड्यात मेंदू सगळ्यात नाजूक असतो, पण तिथेही प्रश्न मोठ्या मात्रेचा होता. राहतो कर्करोगाचा धोका. १० ते २० मिलिग्रेने मुलाचा रक्ताच्या कर्करोगाचा धोका दीडपट ते दुप्पट होऊ शकतो, मात्र मुळात तो ३००० मुलांत एखाद्याला असतो.

हे आकडे माहीत नसले की काय होतं, ते १९८६ मध्ये ग्रीसमध्ये दिसलं. अणुकेंद्राचा अपघात झालेलं चेर्नोबिल तिथून शेकडो कोस दूर. तिथे पोचलेला किरणोत्सर्ग गर्भाला अपाय करण्याइतका नव्हता. तरीही घबराटीत सुमारे २५०० हवी असलेली बाळं पाडली गेली, असा अंदाज तिथल्या संशोधकांनी पुढच्याच वर्षी मांडला. दिवस गेल्याचं माहीत नसताना एक्स-रे झाला, आता हे मूल ठेवायचं की नाही, हा प्रश्न आपल्याकडेही डॉक्टरांपुढे नेहमी येतो. बहुतेक वेळा त्याचं उत्तर ‘ठेवा’ असतं, आणि ते ठामपणे सांगणारा माणूस त्या घडीला समोर असावा लागतो.

किरणोत्सर्गाच्या शेजारी राहिल्याने बाळात व्यंग येईल का, या तारापूरकरांच्या मनातल्या शंकेला आपल्याच देशातून एक मोठं उत्तर मिळालं आहे. केरळच्या करुणागपल्ली किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे. त्यामुळे तिथे काही ठिकाणी नैसर्गिक किरणोत्सर्ग इतर भागांच्या कित्येक पट आहे. १९९५ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या सरकारी दवाखान्यांत जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची नोंद ठेवली. २०११ पर्यंतची नोंद १ लाख ४१ हजारांच्या वर गेली. जास्त किरणोत्सर्गाच्या आणि साध्या भागातल्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगांचा लक्षणीय फरक आढळला नाही. तारापूरच्या केंद्रात किंवा एक्स-रे विभागात काम करणाऱ्यांच्या छातीवर किरणांची मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज असतो, तो ठरावीक मुदतीने मोजणीला जातो. काम करणाऱ्या बाईने गरोदर असल्याचं कळवलं की उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये, असा नियम आहे.

सोनोग्राफीची कथा मात्र महाराष्ट्रात वेगळ्याच वळणाने गेली. इथे यंत्राचा धोका होता तो मुलींना, आणि तो किरणांमुळे नव्हता. आधी गर्भजलपरीक्षा, मग सोनोग्राफी, यांच्या आधाराने मुलींचे गर्भ काढून टाकले जाऊ लागले. मुंबईतल्या स्त्री संघटनांनी १९८० च्या दशकात आवाज उठवला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्र सरकारचा कायदा झाला. सेहत, मासूम या संस्था आणि साबू जॉर्ज यांच्या याचिकेनंतर तो २००३ मध्ये आणखी कडक झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली उरल्या होत्या.

आज आपल्या भागातल्या कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात पाऊल टाकलं की या इतिहासाची खूण दिसते. दारात ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी, भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र, टेबलावर कायद्याची प्रत. बाई पलंगावर झोपण्याआधी तिचा एफ फॉर्म भरला जातो: नाव, पत्ता, मुलगे किती, मुली किती, तपासणी कशासाठी. मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही, या मजकुराखाली ती सही करते किंवा अंगठा उठवते. मग पोटावर गार जेली येते. पडद्याच्या कोपऱ्यात ‘टीआय’ असा एक बारीक आकडा असतो, आवाजाने ऊब किती येऊ शकते ते सांगणारा. काळजी घेणारे डॉक्टर पहिल्या तीन महिन्यांत तो एकच्या वर जाऊ देत नाहीत आणि हौस म्हणून डॉपलर लावत नाहीत. इतकी खबरदारी पाळली, तर इतक्या वर्षांच्या वापरात सोनोग्राफीने बाळाला अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही.

कायदा हवाच होता, आणि तो कडकच हवा. पण त्याची किंमत जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या जव्हार-मोखाड्याच्या बायांनी मोजली, हेही खरं आहे. आदिवासी तालुक्यांत मुलींचं प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा चांगलं राहिलं आहे. वारली, कातकरी, कोकणा घरांत मुलगी जड नव्हती. यंत्रावरची बंधनं मात्र सगळ्यांना सारखीच लागली. २०१२ च्या नियमाने पोर्टेबल यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर किंवा फिरत्या दवाखान्याबाहेर नेता येईना. २०१४ मध्ये सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर एमबीबीएस डॉक्टरला सोनोग्राफीची वाट मोकळी झाली. तसे प्रशिक्षित डॉक्टर डोंगरातल्या सरकारी दवाखान्यांत नेमून तिथे टिकवायचं काम मात्र राहून गेलं.

वावर-वांगणीत १९९२-९३ मध्ये कुपोषणाने बाळं दगावली, तेव्हा अख्ख्या राज्याचं लक्ष जव्हारकडे वळलं. त्यानंतर योजना खूप आल्या. २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या मोफत केल्या, सोनोग्राफीसह. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते. कागदावर हे सगळं चोख आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्याच्या मर्कटवाडीत सात महिन्यांच्या बाईची घरीच प्रसूती झाली, जुळी बाळं गेली, आणि तिला झोळीत घालून चिखलातून मुख्य रस्त्यापर्यंत आणावं लागलं. जुळं आहे, वार खाली आहे, बाळ आडवं आहे, हे पाचव्या-सहाव्या महिन्यात कळलं तर बाईला आधीच नाशिकला, सिल्वासाला किंवा ठाण्याला हलवता येतं. ऐन कळांत कळलं, तर गाडी येईपर्यंत हातात काही उरत नाही.

उशिराचा दुसरा फटका व्यंगाच्या निदानाला बसतो. बाळाचे अवयव नीट बघायची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत करायची असते. २००८ मध्ये, गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळलेल्या एका जोडप्याने डॉ. निखिल दातार यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. गर्भपाताची मर्यादा तेव्हा २० आठवड्यांची होती आणि निदान त्यानंतर झालं होतं. परवानगी नाकारली गेली. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांसाठी मर्यादा २४ आठवडे झाली. गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ त्यानंतरही परवानगी देऊ शकतं. पण बाईची पहिली सोनोग्राफीच सातव्या महिन्यात होत असेल, तर या दुरुस्तीचा तिला उपयोग काय?

करोनाने भीतीची उलटापालट केली. छातीचा सीटी म्हणजे एचआरसीटी हा शब्द घराघरात गेला. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारला त्याचे दर २००० ते ३००० रुपयांवर बांधावे लागले. एकीकडे गरज नसताना सीटी निघत होते, दुसरीकडे दम लागलेली गरोदर बाई सीटीला नकार देत होती. छातीच्या सीटीतून गर्भाला पोचणारी मात्रा एक मिलिग्रेच्याही खाली असते. आईचा श्वास गेला तर बाळाचं काय राहणार? मनोर-चारोटीच्या महामार्गावर अपघात झालेल्या गरोदर बाईलाही हेच लागू. आतला रक्तस्राव शोधायला सीटी लागला तर तो काढावा, तिथे एक मिनिटही घालवू नये. क्षयाची शंका असेल तर छातीचा एक्स-रे टाळू नये. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही; फक्त गॅडोलिनियमचं इंजेक्शन अगदी नाइलाज असल्याशिवाय देत नाहीत. आणि शिशाचा ॲप्रन मिळाला नाही म्हणून कुणी घाबरू नये. २०१९ पासून जगातल्या तज्ज्ञ संघटना तो सरसकट वापरू नका असं सांगत आहेत, कारण आधुनिक यंत्रात त्याचा फायदा नगण्य आहे आणि कधी कधी चित्र बिघडून एक्स-रे पुन्हा काढावा लागतो.

तेव्हा वाचकांना, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांना, सांगणं इतकंच. पाळी चुकली असेल तर एक्स-रे खोलीत शिरण्याआधी तंत्रज्ञाला सांगा. नकळत एक्स-रे झालाच असेल, तर कोणता आणि कधी, हे कागदावर लिहून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. तोवर मूल पाडण्याचं मनात आणू नका. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चुकवू नका. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात ९ तारखेला यंत्र बंद असेल किंवा डॉक्टर नसेल, तर आशाताईंना घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.