साडेतीन टक्क्यांसाठी बँक बदलायची का?

आमचे हे तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीला गेले होते. चाकणच्या पट्ट्यातल्या कारखान्यांमुळे आमच्या वराळ्यात आता परदेशवारीचं कुणाला फारसं अप्रूप राहिलेलं नाही. शेजारच्या बिल्डिंगमधला कुणी ना कुणी कोरियाला नाही तर जर्मनीला गेलेला असतोच. हे परत आले, चॉकलेटं वाटून झाली, कपडे धुऊन झाले, आणि मग आलं बँकेचं स्टेटमेंट.

मी शाळेत गणित शिकवते, अर्धवेळच. त्यामुळे आकडे दिसले की बेरीज केल्याशिवाय मला राहवत नाही. यांनी तिथे कार्डावर १ लाख २० हजारांचा खर्च केला होता. त्याचे पैसे कंपनी देणार होती. पण प्रत्येक खर्चाखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. त्या सगळ्या ओळींची बेरीज झाली ४,९५६ रुपये. हे मात्र कंपनी देणार नव्हती. मैत्रिणींनो, माझा जवळजवळ पंधरा दिवसांचा पगार!

हे भडकलेच. "ही बँकच नको," म्हणाले. आठवड्याभरात दुसऱ्या बँकेचा फॉर्म घरात आला, तोही भरलेला. मी जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या. मी नीट पाहिलं तर नव्या खात्यात पहिलं नाव यांचं होतं आणि दुसरं माझं. जुन्या खात्यात पहिलं नाव माझं आहे. माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी मी ते उघडलं होतं आणि लग्नानंतर त्यात यांचं नाव घातलं होतं. यांच्या मनात काही नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण पेन मी उचललं नाही. म्हटलं, "आधी हिशेब करू, मग सही."

तो हिशेब तुमच्यापुढे मांडते. आज ना उद्या तो तुमच्याही घरात निघेल.

ही फी असते तरी काय?

आपलं कार्ड परदेशात वापरलं की युरो किंवा डॉलरचे रुपये करावे लागतात. त्या बदलाबद्दल बँक टक्केवारीने फी घेते. तिला मार्कअप म्हणतात. पुष्कळ कार्डांवर ती साडेतीन टक्के असते, काहींवर दोन, आणि काही थोड्या कार्डांवर अजिबात नसते. शिवाय त्या फीवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे साडेतीनचे होतात ४.१३ टक्के. शंभर रुपयांना चार रुपये तेरा पैसे. ऐकायला काहीच नाही, पण लाखाला ४,१३० होतात.

एटीएममधून रोख काढली तर दर वेळची ठरावीक फी वेगळी, आणि तिथल्या एटीएमवाल्या बँकेची असली तर तीही वेगळी. क्रेडिट कार्डावर रोख तर काढूच नये. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं.

आणखी एक गंमत यांच्याकडूनच कळली. दुकानातलं यंत्र विचारतं, "युरोत घेऊ की रुपयांत?" आपल्याला रुपये ओळखीचे, म्हणून यांनी एकदा बोट तिथेच ठेवलं. ते दाबलं की दर ठरवतो तो दुकानाचा माणूस किंवा त्याची बँक, आणि तो दर बहुधा आपल्याला महागच पडतो. वर आपली बँकही काही वेळा फी लावते ती लावतेच. तेव्हा नियम एकच. ज्या देशात उभे आहात, तिथलंच चलन निवडा.

आणि हो, ही फी लागायला विमानात बसावंच लागतं असं नाही. परदेशात नोंदलेल्या कंपनीकडून घरबसल्या काही मागवलं, तरी ती लागू शकते. किंमत रुपयांत दिसत असली तरीसुद्धा.

बँक बदलली तर काय वाचेल?

येत्या मे महिन्यात सासूबाई आणि मी सिंगापूरला जाणार आहोत, नणंदेच्या बाळंतपणासाठी. राहणं-जेवणं तिच्याच घरी. तरी भाजीपाला, औषधं, बारशाची खरेदी, थोडं हिंडणंफिरणं धरून माझा अंदाज ६० हजारांचा. जुन्या कार्डावर त्याची फी २,१०० आणि त्यावर जीएसटी ३७८, म्हणजे एकूण २,४७८ रुपये. नव्या बँकेच्या कार्डावर मार्कअप शून्य. हे म्हणाले, "बघ, सरळ अडीच हजार वाचले!"

मग मी त्या बँकेच्या अटींचा कागद मागवला. खात्यात सरासरी ५० हजार शिल्लक हवी. ते पैसे आज आमच्या मुदत ठेवीत आहेत. तिथून काढून बचत खात्यात ठेवले, तर व्याजात साडेतीन टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे वर्षाला १,७५० रुपये. कार्डाची वार्षिक फी ५०० आणि जीएसटी ९०. दोन्ही मिळून २,३४०.

वाचणार होते २,४७८ आणि जाणार होते २,३४०. उरले १३८ रुपये! साडेतीन टक्के तिकडे वाचवायचे आणि साडेतीन टक्के इकडे घालवायचे. शिवाय ज्या वर्षी कुणी परदेशी जाणार नाही, त्या वर्षी निव्वळ तोटा. यांनी कागद दोनदा पाहिला आणि चहा मागितला.

खातं म्हणजे नुसतं पासबुक नव्हे

त्यानंतर मी दुसरी यादी केली. आमच्या खात्याला काय काय चिकटलंय त्याची. घराच्या कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, मुलाच्या शाळेची फी, वीजबिल, गॅसचं अनुदान, माझा पगार, लॉकरचं भाडं. एकेक उपटून दुसरीकडे लावायचं. त्यात एखादा हप्ता चुकला तर दंड भरायचा, आणि कर्जाच्या नोंदीत डाग लागतो तो वेगळाच. सासूबाईंना तळेगावच्या त्या शाखेतला शिपाईसुद्धा ओळखतो आणि खुर्ची देतो. ही गोष्ट कुठल्याच तक्त्यात येत नाही, पण ती हिशेबात धरायला हवी.

मग साडेचार-पाच हजार सोडून द्यायचे का? मुळीच नाही. आमच्या तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून तो फंड जमवला होता. ज्या गावात पैशापैशाने कारखाना उभा राहिला, तिथल्या बायकांनी चार टक्के क्षुल्लक म्हणू नयेत. पैसे वाचवायचेच. पण त्यासाठी घर मोडायचं कारण नाही, एक खिडकी बसवली तरी भागतं.

मी काय केलं

सर्वात आधी आपल्याच शाखेत गेले. विचारलं, "याच खात्यावर कमी मार्कअपचं कार्ड मिळेल का?" मिळत होतं, दोन टक्क्यांचं. ६० हजारांवर जीएसटी धरून १,४१६ रुपये. नुसतं विचारल्याने हजारावर वाचले! हा प्रश्न यांनी विचारलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

मग फॉरेक्स कार्डाची चौकशी केली. यात सिंगापूरचे डॉलर आधीच भरून ठेवता येतात. त्यामुळे भरल्या दिवसाचा दर पक्का होतो, आणि त्याच चलनात खर्च केला तर मार्कअप लागत नाही. मात्र यातली फी दिसत नाही, ती दरात दडलेली असते. म्हणून दोन ठिकाणी एकाच दिवशी एकच प्रश्न विचारला, "सगळं धरून एका डॉलरला मी किती रुपये मोजायचे?" कार्डाची फी मिळवूनही माझा जादा खर्च ११०० च्या आत बसला. तेच कार्ड घ्यायचं ठरलं. चलन मात्र जपून भरावं. सिंगापूरचे डॉलर भरून मलेशियात खर्च केला, तर पुन्हा बदलाची फी लागते.

अडीअडचणीला दोन टक्क्यांचं कार्ड पर्समध्ये राहीलच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मार्च २०२० पासून नवं कार्ड परदेशासाठी बंदच मिळतं, ते आपण चालू करायचं असतं. निघण्यापूर्वी चालू करा, खर्चाची मर्यादा घाला आणि परतलात की बंद करा. उरलेलं परकीय चलन १८० दिवसांत परत द्यायचं असतं. २,००० डॉलरपर्यंत ठेवून घेता येतं.

तुमचं उत्तर वेगळं असू शकेल

माझं उत्तर तेच तुमचं असेल असं नाही. घरातला माणूस वर्षातून तीन-चारदा परदेशी जात असेल आणि पाच लाखांचा खर्च कार्डावर होत असेल, तर साडेतीन टक्क्यांच्या कार्डावर वर्षाला २०,६५० रुपये फीत जातात. तिथे शून्य मार्कअपचं कार्ड नक्की परवडेल. तरी जुनं खातं बंद करण्याची घाई नको. नवं खातं जोडीला उघडा आणि सहा महिने दोन्ही चालवून पाहा.

निर्णयापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहा. वर्षाचा परदेशी खर्च किती? त्यावर फी आणि जीएसटी किती? नव्या बँकेची शिल्लक आणि वार्षिक फी आपल्याला कितीला पडते? आणि जुन्या खात्याला काय काय चिकटलंय? पाचवी ओळ मी माझ्याकडून घालते: नव्या फॉर्मवर पहिलं नाव कुणाचं आहे आणि सही करणारीने तो वाचलाय का?

आमच्याकडे तो फॉर्म अजून पडलाय. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर मी सिंगापूरच्या सामानाची यादी केली. डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळंतकाढा... पेन्सिलीच्या फुल्या यांनीच खोडरबराने पुसल्या. म्हणाले, "पुढच्या वेळी आधी तुला विचारतो." मी म्हटलं, "विचारू नका, शेजारी बसा. दोघं मिळून बेरीज करू."