बादशाही गोटावरचा छापा

संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण यांनी 1689 मध्ये औरंगजेबाच्या भीमाकाठच्या गोटावर घातलेला छापा मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धातला सर्वांत धाडसी मानला जातो. बादशहाचा तळ कोरेगावला होता. लोकांच्या तोंडी मात्र तुळापूरचे नाव बसले आहे. आज कोरेगाव शिरूर तालुक्यात मोडते, तर भीमा-इंद्रायणीच्या संगमावरचे तुळापूर हवेलीत.

बादशहा दख्खनेत उतरल्यापासून त्याचा मुक्काम पडेल तीच मोगलांची राजधानी होती. दफ्तर, खजिना, तोफखाना, जनाना सारे त्याच्यासोबत फिरे. कृष्णाकाठी गलगल्याचा असाच मुक्काम 1695 मध्ये पाहणारा इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी पाच लाख माणसे, अडीचशे बाजार आणि तीस मैलांचा घेर सांगतो. आकडे फुगलेले धरले, तरी एवढ्या पसाऱ्यात रात्री ये-जा करणारा प्रत्येक स्वार ओळखणे पहारेकऱ्यांना अशक्यच होते.

त्या वर्षी मराठ्यांची बाजू पार खचली होती. 1 फेब्रुवारीला संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेले. तिथल्या झुंजीत संताजीचे वडील म्हाळोजी पडले. दौंडच्या पूर्वेला भीमेवर असलेल्या पेडगावच्या बहादूरगडावर राजांची विटंबना झाली आणि 11 मार्चला त्यांची हत्या. पाठोपाठ इतिकादखानाने रायगडाला वेढा घातला. 5 एप्रिलला राजाराम महाराज गडावरून निसटले.

मल्हार रामराव चिटणिसाच्या बखरीनुसार संताजी, त्याचे भाऊ बहिर्जी व मालोजी आणि विठोजी चव्हाण सुमारे दोन हजार स्वारांनिशी रात्री गोटात शिरले. हटकल्यावर आपण मोगली चाकरीतल्या मराठा सरदारांचे लोक, असे त्यांनी सांगितले. बादशाही डेऱ्याचे तणावे तोडून तो पाडला, वरचे सोन्याचे कळस कापून घेतले आणि गोट सावध होण्याआधी सिंहगड गाठला. बादशहा त्या रात्री दुसऱ्या तंबूत होता, म्हणून वाचला. पुढे याच स्वारांनी रायगडच्या वेढ्यावर पडून पाच हत्ती पळवले आणि पन्हाळ्यावर राजारामांपुढे हजर केले.

ही बखर मात्र घटनेनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिलेली आहे. समकालीन कागदांत दुजोरा मिळत नसल्याने तिच्यातला तपशील जसाच्या तसा खरा धरता येत नाही. दरबारी इतिहासकार असली नामुष्की नोंदवणार नाही, हा नेहमीचा युक्तिवाद समजण्यासारखा असला, तरी तो पुरावा नव्हे. लढण्याची रीत मात्र संताजीचीच वाटते: हलके सामान, वेगवान घोडी, नेमका घाव आणि लगोलग माघार. याच रीतीने 1695 मध्ये त्याने दोड्डेरीला कासिमखानाला कोंडले, आणि त्या लढाईला मोगली तवारिखांचीच साक्ष आहे.

बखर सांगते, की या कामगिरीबद्दल विठोजीला ‘हिंमतबहाद्दर’ आणि बहिर्जीला ‘हिंदुराव’ हे किताब मिळाले. पुढे चव्हाण आणि घोरपडे घराण्यांत ते वंशपरंपरेने चालत राहिले.