उतारवयात कोणता योग निवडावा?

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ‘योगासने करा’ असा सल्ला आज कोणीही देते. कोणती करावीत, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आपण वर्गाच्या शोधात निघालात की पाट्यांवरील नावांनीच गोंधळून जाल: अय्यंगार योग, अष्टांग विन्यास, पॉवर योगा, हॉट योगा, योगनिद्रा. सर्वांना ‘योग’च म्हणत असले, तरी शरीराकडून त्यांच्या मागण्या इतक्या भिन्न आहेत की एका वर्गात ज्याला आराम पडेल, त्यालाच दुसऱ्या वर्गात इजा होऊ शकते.

गंमत अशी, की यांतील दोन अगदी भिन्न वाटा एकाच गुरूपासून निघाल्या आहेत. म्हैसूरला अध्यापन करणाऱ्या तिरुमलै कृष्णम्माचार्यांचे पट्टाभी जोइस आणि बी. के. एस. अय्यंगार हे दोघेही शिष्य. जोइस यांच्या अष्टांग विन्यासात आसनांचा क्रम ठरलेला असतो आणि श्वासाच्या लयीवर एका आसनातून दुसऱ्यात जायचे असते. दमसास व मनगटांतले बळ त्यात भरपूर लागते. पतंजलींच्या यमनियमादी आठ अंगांशी असलेल्या नामसाम्यामुळे हा सौम्य, पारंपरिक वर्ग असावा असे समजून कित्येक ज्येष्ठ तेथे जातात. सत्तरीत नव्याने आरंभ करणाऱ्यासाठी तो नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सुमारे ४० अंश तापवलेल्या खोलीतला हॉट योगा तर रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी टाळावाच.

अय्यंगारांनी पुण्यात वेगळी वाट धरली. १९७५ साली सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेतून पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, खुर्च्या आणि भिंतीवरचे दोर यांचा वापर जगभर पोहोचला. हात पायांपर्यंत पोहोचत नाहीत? मग पट्टा घ्या. तोल जातो? भिंतीचा आधार घ्या. वृद्ध शरीराला हीच भाषा समजते. मात्र याही पद्धतीत शीर्षासन व सर्वांगासन यांना मोठे स्थान आहे, हे लक्षात असू द्यावे. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापलेल्या कैवल्यधामाने आसनांचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. त्या परंपरेतले वर्ग बहुधा संथ असतात. बिहारमधील मुंगेरच्या परंपरेत पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत एकेक सांधा हलवण्याचा पवनमुक्तासनांचा क्रम आहे. संधिवाताने आखडलेल्यांना तो विशेष सोयीचा. योगनिद्रा तर झोपूनच करायची, त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीलाही ती दुर्लभ नाही.

तरीही पद्धतीच्या नावापेक्षा आपल्या वैद्यकीय कागदांची फाइल अधिक महत्त्वाची. हाडे ठिसूळ झाली असतील, तर पाठीला बाक देऊन खोल पुढे वाकणे धोक्याचे आहे. पश्चिमोत्तानासनासारखे निरुपद्रवी दिसणारे आसनही मणका दबून मोडण्यास कारण होऊ शकते. काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली नेणारी आसने वर्ज्य करावीत, कारण त्यांत डोळ्यांतील दाब वाढतो. अनियंत्रित रक्तदाब असेल तर अशी आसने, श्वास रोखून धरणे आणि जोरकस कपालभाती टाळावी. हर्निया किंवा पोटाची नुकती झालेली शस्त्रक्रिया यांतही कपालभाती नको. मानेच्या मणक्यांचा त्रास असणाऱ्यांनी सर्वांगासन, हलासन यांच्या वाटेला जाऊ नये. सांधेरोपण झालेल्यांनी वज्रासन किंवा मांडी घालणे शल्यचिकित्सकांना विचारूनच करावे. इन्सुलिन घेणाऱ्यांना ‘पहाटे, रिकाम्या पोटी’ हा सरसकट नियम लागू करता येत नाही. साखर उतरू शकते. सरावाची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

घरातल्या काळजीवाहकांनी वर्गात नाव घालण्यापूर्वी एक तास नुसते बसून पाहावे. शिक्षक नव्या माणसाच्या आजारांची चौकशी करतात का? आसन जमले नाही तर पर्याय देतात, की पाठीवर दाब देऊन ते ‘पूर्ण’ करवतात? दाब देत असतील, तर तेथून निघावे, मग शिक्षक कितीही नामांकित असोत. वर्ग जिना चढून असेल, तर तोही विचारात घ्यावा. आई-वडिलांना दूरचित्रवाणीसमोर एकटे बसवून सराव करायला सांगणे हा सोयीचा उपाय असला, तरी पडद्यावरच्या शिक्षकाला त्यांचा गेलेला तोल दिसत नाही.

आणखी एक साधी कसोटी आहे. आपल्याला जमिनीवर बसून कोणाच्या मदतीशिवाय उठता येते का? येत नसेल, तर सतरंजीचा हट्ट सोडून खुर्चीवरच्या योगाने आरंभ करावा. त्यात कमीपणा मुळीच नाही. घोटे फिरवणे, बसल्या बसल्या हात वर ताणणे, हलके वळणे, दीर्घ श्वसन, भ्रामरी हे सारे खुर्चीवर नीट होते. शेवटी शवासन केलेच, तर आधी कुशीवर वळावे, क्षणभर थांबावे, मगच बसावे आणि बसून थोडा वेळ गेल्यावर उभे राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठताना चक्कर येते आणि पडणे बहुधा तेव्हाच होते. छातीत दुखले, धाप लागली किंवा हातापायाला मुंग्या आल्या, तर सराव तेथेच थांबवून डॉक्टरांना कळवावे. घरच्या सरावासाठी खुर्ची हात असलेली, वजनदार आणि भिंतीला टेकवलेली असावी. चाकांची किंवा प्लॅस्टिकची हलकी खुर्ची नको.