कोयोटीची हाक आणि एल्कचा कान

उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतात सप्टेंबर लागला की एल्क माजावर येतात. एल्क हे आपल्या सांबराच्याच कुळातलं हरीण, पण त्याहून थोराड; भरलेल्या नराचं वजन ३०० किलोच्या वर जातं. एवढ्या धिप्पाड देहातून निघणारी माजाची साद मात्र उंच, शिळेसारखी असते. नेमक्या याच दिवसांत तिथे धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो आणि मागोमाग बंदुकीचा. दिवस कलला की कोल्ह्या-लांडग्यांच्याच कुळातल्या कोयोट्यांची कोल्हेकुई सुरू होते. आता कळप उधळणार, असं ऐकणाऱ्याला वाटतं. बहुतेक वेळा तो उधळत नाही.

यात अचंबा वाटावा असा हिशेब आहे. कोयोटी जेमतेम १० ते १५ किलोची. जून महिन्यात तिची खरी भीती असते, कारण नुकतं जन्मलेलं पाडसही साधारण तेवढ्याच वजनाचं. अंगावर ठिपके, गंध जवळजवळ नाही, आणि आई चरायला गेली की ते गवतात निपचित पडून राहतं. त्या दिवसांत माद्या कोयोटीच्या अंगावर धावून जातात, पुढच्या खुरांनी तुडवू पाहतात. शरद ऋतू येईतो तेच पाडस कोयोटीच्या कितीतरी पट वजनाचं झालेलं असतं. मग कळप कोयोटीकडे मान वळवून पाहतो आणि पुन्हा चरू लागतो.

लांडग्याची गोष्ट वेगळी. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ पासून लांडगे परत आणून सोडले गेले. त्यानंतर पिल्लं असलेल्या माद्या चरताना वारंवार डोकं वर काढून चाहूल घेऊ लागल्याची नोंद अभ्यासकांनी केली.

शिकारीच्या हंगामात सगळ्यात जास्त दहशत असते ती माणसाची. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात एल्कवर केलेल्या अभ्यासांत दिसलं, की नैसर्गिक भक्षकांपेक्षा माणसाच्या वावरामुळे हे प्राणी अधिक सावध होतात. त्यातही माद्यांचं शहाणपण विलक्षण. वय वाढतं तशा त्या कमी हिंडतात आणि रस्त्याजवळ असल्या तर दाट झाडीचा, चढ-उतारांचा आसरा घेतात. वयाची ९-१० वर्षं ओलांडलेली मादी शिकाऱ्याच्या हाती जवळजवळ लागतच नाही. शिकारीला बंदी असलेल्या खाजगी कुरणांवर कळपच्या कळप हंगामभर मुक्काम ठोकतात, तेही याच धास्तीने. मला हे शिकणं फार मोलाचं वाटतं. निव्वळ उपजत बुद्धी म्हणून ते बाजूला सारता येत नाही.

कोयोटी या दिवसांत एल्कपेक्षा शिकाऱ्याच्या मागावर राहते. मारलेलं जनावर जागीच सोलून मांस नेलं जातं. उरलेल्या आतड्यांवर कोयोट्या, डोमकावळे आणि काही भागांत ग्रिझली अस्वलंही ताव मारतात.

कोयोटीविषयीची ही बेफिकिरी एल्कला पुढे कडाक्याच्या हिवाळ्यात महागात पडू शकते. बर्फ साचून वरचा थर कडक झाला की एल्कचे खूर आत रुततात आणि हलकी कोयोटी वरून धावते. यलोस्टोनमध्ये कोयोट्यांच्या टोळीने अशा वेळी एल्कवर हल्ला केल्याचं संशोधकांनी प्रत्यक्ष पाहिलं आहे. चढाईत पुढे असते ती बहुधा टोळीची म्होरकी जोडी, आणि लक्ष्य असतं उपासमारीने खंगलेलं जनावर.